घरात रॉक गाणं आणि ते रेकॉर्ड करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बँडची गाणी मी बेडरूममध्ये रेकॉर्ड करतो हे कळल्यापासून निरोप येत राहतात. विचारणारे बहुतेक गिटारवाले असतात. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) जमलेला असतो, ड्रम्स कॉम्प्युटरवर बसवलेले असतात, आणि मग प्रकरण गळ्याशी येतं. तेच ते प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतो आहे. क्रम सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे आहे.

१. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज एवढा पातळ का येतो? माइक खराब आहे का?

माइक ठीक आहे. आपला आवाज आपल्या कानात दोन वाटांनी पोचतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्जाचा भाग जास्त असतो, म्हणून स्वतःला आपण भरदार वाटतो. माइकला फक्त हवेतला आवाज मिळतो. घरच्यांना ऐकवलंत तर ते म्हणतील, "तुझाच तर आवाज आहे, त्यात काय!" रोज पाच मिनिटं मोबाइलवर गाऊन ऐकत जा, काही दिवसांनी दचकणं थांबतं. तोवर ईक्यूने (आवाजातला खर्जाचा-वरचा भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) आवाज जाड करायला जाऊ नका, नाहीतर चिखल होतो.

आवाज खरंच नाकातून येतोय का हे पाहायचं असेल तर 'आ' लावा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर हवा नाकातून जाते आहे.

२. बँडमध्ये गायक नाही म्हणून मी गातो. पण मला सूरच नाही. सोडून देऊ का?

गिटार लावताना तार चढली की उतरली हे तुम्हाला कळतं ना? मग सूर कळतो. कळणं आणि लागणं यात अंतर आहे, एवढंच. तानपुऱ्याचं ॲप लावा, सोयीचा सा धरा, आणि शेजारी ट्यूनर ॲप ठेवून दहा सेकंद सूर टिकतोय का पाहा. बहुतेकांचा टिकतो. तोच माणूस धृपदाला बेसूर होतो, याची कारणं दोन: एकतर पट्टी चुकलेली असते (प्रश्न ३), नाहीतर तो दबून गात असतो (प्रश्न ४).

३. मूळ पट्टीत गाताना धृपदाला आवाज फाटतो. सराव करून गळा वर जाईल का?

थोडा जाईल, पण त्यासाठी काही महिने लागतील, आणि रेकॉर्डिंग तुम्हाला येत्या रविवारी करायचं आहे. पट्टी बदला.

आपल्याकडे पेटीवाला कोणालाही साथ करायला बसला की पहिला प्रश्न विचारतो, "पट्टी कोणती?" गिटारवाले हे कधी विचारत नाहीत. रॉकची इतकी गाणी ई मायनरमध्ये सुचतात, कारण तिथे गिटारच्या खुल्या तारा वाजतात. पेटीच्या भाषेत ही पांढरी तीन. त्यात सोय गिटारची झाली, गळ्याची कोणी पाहिली नाही.

पुरुषांचा न कमावलेला गळा साधारणपणे पियानोच्या मधल्या सी च्या वरच्या ई किंवा एफच्या आसपास फाटू लागतो. तुमची जागा शोधा: जोरात, न चिरकता, सलग पाच वेळा लागणारा सगळ्यात वरचा सूर कोणता? धृपदाचा वरचा सूर तिथेच किंवा अर्धा सूर खाली येईल, असं गाणं हलवा. खाली न्यायचं तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा. जिमी हेंड्रिक्स आणि गन्स अँड रोझेस यांच्या कितीतरी गाण्यांत गिटार तशीच लावलेली आहे. तारा ढिल्या वाटल्या तर एक नंबर जाड सेट घाला. वर न्यायचं तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) आहेच.

मुलांनी रचलेलं गाणं मुलगी गाणार असेल तर "तू एक सप्तक वर गा" हे उत्तर नव्हे. स्त्रियांची पट्टी बहुधा काळी चार-पाचच्या आसपास येते, म्हणजे गाणं चार-पाच अर्धसुरांनी हलवावं लागतं आणि रिफ नव्याने बसवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण गिटार रेकॉर्ड करण्याआधीच उरका. रेकॉर्ड झालेली गिटार सॉफ्टवेअरने वर-खाली सरकवली की प्लॅस्टिकची वाटते.

४. फ्लॅटमध्ये राहतो. घरात सगळे असतात, खालच्या मजल्यावर काका. हळू गाऊन नंतर आवाज वाढवला तर चालेल ना?

नाही चालणार. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी कोणत्याही नावाने येवोत, 'माइकमध्ये दम नाही', 'मिक्समध्ये आवाज बुडतो', 'सूर खाली जातो', खोदत गेलं की तळाशी हेच निघतं.

मोठ्याने गाणं म्हणजे फक्त जास्त डेसिबल नव्हे. जोर लावला की स्वरतंतू प्रत्येक कंपनात घट्ट मिटतात आणि जास्त वेळ मिटलेले राहतात. त्यामुळे आवाजातले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) तेज होतात, आणि गिटारच्या डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाडलेल्या आवाजाच्या) भिंतीतून गळा बाहेर काढतात ते हेच. हळू गाताना तंतू सैल मिटतात, हवा गळते, वरचा भाग निघून जातो. जे गळ्यातून निघालंच नाही ते फेडर (आवाज वाढवायचा सरकता खटका) वर सरकवून येत नाही. त्यासोबत वर येतो तो खोलीचा घुमारा, पंखा आणि रस्त्यावरची रिक्षा. शिवाय दाबून गाताना श्वासाचा आधार सुटतो आणि लांब सूर उतरतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सूर नाही.

मी पहिलं गाणं रात्री अकराला, कपाटात तोंड घालून, कुजबुजत रेकॉर्ड केलं. शब्द बंडखोरीचे होते आणि ऐकायला शोकसभेतलं भाषण वाटत होतं. महिनाभर मी माइकला दोष देत होतो. मग घरचे सगळे एका लग्नाला गेले, आणि त्या दुपारी तोच माइक, तीच खोली, पण मी पूर्ण गळ्याने गायलो. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालचे काका भेटले. पोटात गोळा आला. ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात शब्द काय होते रे? नीट कळले नाहीत." तक्रार शब्दोच्चारांची होती!

आता व्यवहाराचं. शब्द, ताल, श्वासाच्या जागा हे सगळं हळू आवाजात पाठ करा. पूर्ण गळा फक्त टेकसाठी, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या फेरीसाठी, लावा. चार मिनिटांच्या गाण्याचे चार टेक म्हणजे सोळा मिनिटं. शेजाऱ्यांना आधी सांगा, "शनिवारी अकरा ते साडेअकरा गाणार आहे." त्यांना आवाजापेक्षा तो कधी थांबणार हे माहीत नसण्याचा त्रास जास्त होतो. पहिल्या वेळी पेढे नेलेत तर वाया जात नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा मात्र नाही: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पुण्यात असाल तर दुपारी एक ते चारबद्दल वेगळं सांगायला नको. तो नियम कुठे छापलेला नाही, पण जास्त कडक आहे.

अपवाद एकच: गाणंच हळू असेल तर. मग मुद्दाम हळू गा, माइकपासून चार बोटांवर, आणि त्या जागी गिटारही विरळ वाजवा.

५. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू का?

नको. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम, त्याला जड भिंत आणि बंद फटी लागतात. आतला घुमारा कमी करणं हे दुसरं, त्याला जाड आणि मऊ काहीतरी लागतं. पुठ्ठ्याचा ट्रे यातलं काहीच करत नाही, आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. इंचभर जाडीचा फोमही फक्त वरच्या पट्ट्यातला आवाज शोषतो. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभराचं काय!

गोधड्या काढा. दोन-तीन जाड गोधड्या किंवा रजया दोरीवर, भिंतीपासून हातभर पुढे टांगा. कुठे? माइकच्या मागे नाही, तुमच्या पाठीमागे. गाण्याचे बहुतेक माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे, असतात, मागून येणारं त्यांना कमी ऐकू येतं. पण गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत थेट त्यांच्या तोंडासमोर असते. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा कोपऱ्यात उभे राहू नका. टाळी वाजवून पाहा: मागे 'टर्र' असा पत्र्यासारखा नाद आला तर अजून एक गोधडी.

बाथरूममध्ये आपण सगळेच किशोरकुमार असतो, पण तो घुमारा एकदा रेकॉर्ड झाला की काढता येत नाही. नंतर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घालायला कितीही मिळतो.

६. कंडेन्सर घेऊ की डायनॅमिक?

कंडेन्सर हा जास्त नाजूक कानाचा माइक, डायनॅमिक कमी. नुसत्या भिंतींची खोली आणि रॉक असेल तर डायनॅमिक. तो जवळून गायचा माइक आहे. अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा आहे तिथेच राहतो. शुअरचा एसएम ५८ बाजारात आला १९६६ साली. यू टूचा बोनो स्टुडिओतही तो हातात धरून गातो. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' अल्बम घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, शुअरच्याच दोन एसएम ५७ माइकवर झाला. त्यामुळे "चांगला माइक नाही म्हणून थांबलोय" हे मी ऐकून घेत नाही. एसएम ५८ च्या नकला मात्र भरपूर विकल्या जातात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

एसएम ७बी घ्यायचा विचार असेल तर त्याला सुमारे ६० डेसिबल गेन (माइकचा क्षीण आवाज मोठा करणं) लागतो. तुमचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) तेवढा देतो का ते आधी बघा. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतो, आणि मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात दमटपणाने तो चरचरू लागतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

७. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?

चाली आणि सरावासाठी उत्तम. गाण्यासाठीही चालून जाईल, फक्त फोन तोंडापासून वीतभर बाजूला धरा आणि ॲपमधली आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय बंद करा.

८. गेन किती ठेवायचा?

सगळ्यात जोरात येणारी ओळ उणे १० ते उणे १२ डेसिबलपर्यंत जावी. २४ बिटला रेकॉर्ड करताना शून्याच्या (त्यापुढे आवाज फाटतो) जवळ जायची गरज नाही. टेपच्या काळातली सवय आहे ती. गेन लावताना "हॅलो, चेक, वन टू" म्हणू नका. धृपदातली सगळ्यात वरची ओळ गा, आणि खऱ्या टेकला आणखी जोर येईल हे धरून चाला.

९. हेडफोनमध्ये माझा आवाज उशिरा येतो. गाता येत नाही.

इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा स्वतःचा आवाज बंद करा, नाहीतर दोन-दोन ऐकू येतील. बटण नसेल तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढे आवाजाचे नमुने) १२८ किंवा ६४ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, १२८ चा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत, पण येता-जाता आणि बाकीची प्रक्रिया धरून ते दुपटीहून जास्त होतं. मिक्सच्या वेळी बफर पुन्हा वाढवा. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला अजिबात नकोत.

१०. हेडफोन काढले की सुरात गातो, लावले की बेसूर. असं कसं?

दोन्ही कान झाकले की हाडांतून येणारा आवाज जास्त ऐकू येतो आणि अंदाज चुकतो. एक कान अर्धा उघडा ठेवा, आणि तो कप डोक्यावर दाबून धरा म्हणजे क्लिकची (ताल धरायच्या ठोक्याची) टिकटिक माइकमध्ये जाणार नाही. हेडफोनमध्ये गिटारचे सगळे थर नकोत. ड्रम्स, बेस आणि सूर कळेल असं एक साधं वाद्य पुरे. मी पेटीचा नुसता षड्ज-पंचम धरून ठेवतो. त्यावर हसू नका, करून पाहा.

११. रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. शिवाय पंखा, कुकर, लोकल…

घूंऽऽ बहुधा विजेचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० आणि १०० वर बसतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चोर सापडला. गेला नाही तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, आणि घरातल्या अर्थिंगची तार खरंच कुठे जोडलेली आहे का ते वायरमनला विचारा. जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. अर्थची पिन तोडून हम (हा घूंऽऽ) घालवायचा 'जुगाड' कोणी सुचवला तर ऐकू नका, त्याने जीव जातो.

पंखा टेकपुरता बंद. कुकरचं वेळापत्रक स्वयंपाकघरात विचारून घ्या, शिट्टी एडिट होत नाही.

१२. 'प' आणि 'भ' ला धप्प आवाज येतो.

हवेचा झोत आहे तो. मराठीत फ, भ, थ, ध, ख असे महाप्राण भरपूर, त्यामुळे आपल्याला इंग्रजीत गाणाऱ्यांपेक्षा जास्त सांभाळावं लागतं. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं दूर ठेवा आणि तोंड माइकच्या रेषेपासून किंचित बाजूला. उरलेलं ८०-१०० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने, म्हणजे त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने, जातं.

१३. इंग्रजीत गातो तेव्हा रॉक वाटतं, मराठीत तेच भावगीत होतं. का?

कारण मराठी शब्द तोंडात आला की लहानपणापासून ऐकलेली गायकीही येते: शेवटचा स्वर लांबवणं, त्याला हलकी हरकत लावणं. 'घर' बोलताना 'घर्' आणि गाताना 'घरऽऽ' होतं. रॉकमध्ये बोलतो तसं गा, शब्द कापा. चाल लिहिताना ठोक्यावर जोडाक्षर येऊ द्या. 'धक्का', 'रस्ता', 'पट्टा' या शब्दांना स्नेअर ड्रमसारखी थाप असते.

दोन 'च' वेगळे हेही लक्षात ठेवा. 'चंद्र' मधला च गुळगुळीत जातो, 'चांदणं' मधला सुरीसारखा येतो. तो आणि 'स' टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर (असे टोचणारे उच्चार दाबणारं साधन) लावा, पण बेताने. जास्त लावला की गायक बोबडा वाटतो.

१४. ओरडून गायचं आहे. घसा बसतो.

चांगल्या गायकांची ती खरखर मुख्यतः स्वरतंतूंच्या वरच्या भागातून, म्हणजे आभासी स्वरतंतूंच्या कंपनातून येते. खाली खरे तंतू बऱ्यापैकी मोकळे असतात. आपण मात्र खरे तंतूच घासतो. हे वाचून येण्यासारखं नाही, शिकवणारं माणूस लागतं. तोवर स्वच्छ आवाजात जोरात गा आणि खरखर मिक्समध्ये सॅच्युरेशनने (आवाज किंचित फाडणाऱ्या इफेक्टने) आणा. दुखलं की थांबा. पाणी तंतूंवर पडत नाही, ते शरीरातून पोचतं, म्हणून टेकच्या आधी तासभर प्या. ज्येष्ठमधाने बरं वाटतं, इतकंच. घसा बसल्यावर कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

१५. ऑटो-ट्यून वापरणं म्हणजे फसवणूक का?

वापरा. १९९७ मध्ये हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचं विश्लेषण करायचे; तीच गणितं सुराला लावली. पण ते सूर जागेवर आणतं, दम आणत नाही. दबून गायलेला टेक दुरुस्त केला की सुरात दबलेला टेक मिळतो. आधी चार टेक घ्या, ओळ-ओळ निवडून एक करा, आणि उरलेले दोन-चार सूर हाताने हलवा.

१६. डबलिंगसाठी ट्रॅक कॉपी-पेस्ट केला, पण फक्त आवाज वाढला.

तेवढंच होणार, सहा डेसिबल. डबलिंगची (तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवण्याची) जादू दोन टेकमधल्या बारीक फरकात आहे, म्हणून पुन्हा गावं लागतं. बीटल्सच्या जॉन लेननला त्याचा कंटाळा यायचा, त्यातूनच १९६६ मध्ये ॲबी रोड स्टुडिओचे केन टाउनसेंड यांनी टेपवर कृत्रिम डबलिंग काढलं. निर्वाणाचा कर्ट कोबेन डबलिंगला नाही म्हणायचा, तेव्हा निर्माता बुच विग याने त्याला "लेनन करायचा" असं सांगून राजी केलं. दुसऱ्या टेकमध्ये शब्दांच्या शेवटचे 'स', 'त', 'च' गिळून टाका, नाहीतर ते दोनदा वाजतात.

१७. मिक्समध्ये आवाज एकतर बुडतो, नाहीतर वर तरंगतो.

बुडत असेल तर आधी प्रश्न ४ पुन्हा वाचा. टेक खणखणीत असूनही बुडत असेल तर गिटारला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल खाली आणा. गिटारवाल्याला सांगू नका. तरंगत असेल तर कॉम्प्रेशन (मोठा-लहान आवाज एका पातळीला आणणं) कमी पडतंय: एकाच कॉम्प्रेसरला पिळण्यापेक्षा दोन लावून थोडं थोडं काम द्या. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका; तिथे शब्द कळले तर जमलं.

१८. शास्त्रीय शिकलोय. तानपुऱ्यावर सुरात असतो, बँडमध्ये माझा गंधार उतरलेला म्हणतात.

दोघंही बरोबर आहात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो, गिटारच्या पडद्यावरचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक तयार कानाला चांगलाच कळतो. डिस्टॉर्शनमध्ये गिटारचा हा गंधार खडखडतो म्हणूनच रॉकवाले तो गाळून नुसते षड्ज-पंचमाचे पॉवर कॉर्ड वाजवतात, आणि तशा कॉर्डवर तुमचा गंधार सुरेखच बसतो. गिटार किंवा कीबोर्ड पूर्ण मेजर कॉर्ड धरत असेल तिथे मात्र किंचित चढा लावा. आणि ऑटो-ट्यून सरसकट लावू देऊ नका, ते तुमचा गंधार 'दुरुस्त' करून टाकेल.

१९. घरात शक्यच नाही. लहान बाळ आहे. गाडीत रेकॉर्ड करता येईल?

येईल. सीट, कार्पेट आणि छताचं कापड यामुळे उभी गाडी कित्येक खोल्यांपेक्षा कोरडी असते. काचा परावर्तन करतात, म्हणून मागच्या सीटवर बसा, माइकची पाठ पुढच्या काचेकडे ठेवा आणि मागच्या काचेवर गोधडी टाका. खर्जाच्या भागात थोडं 'बूम' होतं, ते नंतर फिल्टरने काढा. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे हमचाही प्रश्न नाही. बसून गाताना पोट दुमडतं, तेव्हा कडेला सरका आणि पाठ ताठ ठेवा. इंजिन आणि एसी बंद, काचा वर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दोन टेकनंतर दार उघडावंच लागतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र नको; वॉचमन काचेवर टकटक करून "साहेब, सगळं ठीक ना?" असं विचारतो, आणि तेवढाच टेक चांगला आलेला असतो.